पट्ट्यांची वाटणी

एकसष्ट पट्ट्या. चिपळूणहून आणलेला जुना कीबोर्ड,
त्यातली एक काळी दाबल्यावर परत वर येताना विचार करते.
डावीकडच्या चौदा मी सुरांकडून काढून घेतल्या
आणि तालाच्या नावावर केल्या.
सातबारा नाही, तलाठी नाही.
एक बटण धरून ठेवायचं, दुसरं दाबायचं,
काचेवर नाव चढतं.

पहिल्या पांढरीला राघोआबांचा धुम्,
ताज्या कणकेचा, जड.
धोपाव्याच्या जेट्टीमागे मंडळाच्या खोलीत
मोबाइलवर घेतला, फेरीचा भोंगा थांबायची वाट बघून.
दुसरीला ता.
तिसरीला झांज, सातव्या मात्रेपुरती.
तिच्या शेपटाला एका कोंबडीचा अर्धा आवाज चिकटलाय,
कितीही कापला तरी उरतो.
चौथीला येसू निवातेच्या पायातला चाळ.
पाचवी रिकामी ठेवली,
मुंबईवाल्यांसाठी एक खोली ठेवतात तशी.

मग थर.
आधी नुसता धुम्. आठ मात्रांचा फेरा
फिरत राहतो, बैल न जुंपलेल्या रहाटासारखा.
त्यावर ता. त्यावर झांज.
दर फेऱ्याला एकेक जण चपला काढून आत येतो
आणि मी जागा करून देते :
तू जरा हळू, तू डाव्या स्पीकरकडे सरक,
चाळा, तू दाराशीच बस, तुझा आवाज पोचतो.

राघोआबांचं मधलं बोट होडीच्या दोरात सापडलेलं.
त्याला बत्तीस वर्षं झाली.
तेव्हापासून त्यांची सातवी शेजारच्या बोटाने येते
आणि यायला किंचित वेळ घेते.
यंत्रात एक बटण आहे,
इकडेतिकडे सांडलेला ठोका उचलून
जवळच्या खुंटीला टांगणारं.
मी ते दाबून बघितलं. सातवी सरळ झाली,
प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलासारखी.

पुसणारच होते. आबा दारात उभे.
दोन फेरे डोळे मिटून ऐकले.
तिसऱ्याला म्हणाले, "आता बराबर झाला गो.
मी जलमभर ह्याच वाजवाया बगत व्हतो."

काय बोलणार. जतन केलं.
ते उतरणीवरून खाली गेल्यावर
तिरपा फेराही जतन केला, पुढच्या नंबरावर,
चोरून.

गौरीची रात्र. शाळेचं पटांगण, जाखडी.
आठ पोरं गोलात, येसू त्यांच्यात सगळ्यात थोर.
आबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, नवा सदरा,
मृदंगाशिवाय मांडीचं काय करायचं ते न कळून.
मी सरळ फेरा सोडला.
चार, पाच, सहा. सातवी आली
आणि तिथे एकही पाय नव्हता.
पाय हवेत होते.
पडले ते किंचित नंतर, सगळे मिळून एकदम,
जिथे नेहमी पडतात तिथे.
यातली निम्मी पोरं
बोट सापडलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

आबा अर्धे उठून ओरडले,
"पाय कुटं रे ऱ्हायले तुमचे?"
येसूने गिरकीतच माझ्याकडे बघितलं.
माझं बोट पुढच्या नंबरावर टेकलेलं होतं.
दाबलं नाही.

रात्रभर सातवी दोनदा वाजली,
एकदा स्पीकरमधून, एकदा जमिनीतून.
आबांची बोटं मांडीवर चालू होती,
दोनांतल्या कुठल्या सातवीला पडतायत
ते माझ्या जागेवरून दिसेना,
मध्ये हॅलोजनचा खांब.
आणि त्या दोन सातव्यांच्या फटीत,
पहिल्यांदाच,
कोंबडी अगदी स्पष्ट ऐकू येत होती.